महिनाभर दारू बंद, पैसे रुग्णांना: हे कसं करावं आणि कुणी करू नये

प्रश्न असा आला आहे: "आम्ही आठ मित्र. जुळे सोलापुरात राहतो, बहुतेकजण अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या धंद्यात आहोत. आमच्यातल्या एकाच्या वडिलांचे बार्शीला कॅन्सरचे उपचार झाले, तेव्हा रुग्णांचे आणि नातेवाइकांचे हाल पाहिले. एक महिना दारू पूर्ण बंद ठेवायची, ओळखीच्यांकडून दिवसाला दहा रुपये देणगी मागायची आणि रक्कम तिथल्या रुग्णांसाठी द्यायची, असं ठरवलं आहे. मध्येच कुणी प्यायला तर त्याला पाच हजार दंड. एका महिन्याने शरीराला खरंच फायदा होतो का? आणि एक मित्र रोज घेतो, सकाळीही थोडी लागते. त्यालाही सामील केलं आहे, त्या निमित्ताने त्याची सुटेल."

तुमचं शेवटचं वाक्य मी सर्वात आधी घेतो, कारण तिथे जिवाचा प्रश्न आहे. सकाळी थोडी घेतल्याशिवाय ज्याचा दिवस सुरू होत नाही, त्याला १ तारखेला तुमच्याबरोबर एकदम दारू बंद करायला लावू नका. त्याने सोडायलाच हवी, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मैत्रीच्या शपथेवर सोडण्याची ही गोष्ट नाही.

कारण समजून घ्या. दारू मेंदूला मंदावते. रोज भरपूर दारू मिळत राहिली की मेंदू त्या मंदपणाशी जुळवून घेण्यासाठी स्वतःला सतत जास्त उत्तेजित ठेवायला शिकतो. मग एक दिवस दारू अचानक थांबते आणि ती उत्तेजना मोकाट सुटते. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांतच हात थरथरणं, घाम, छातीत धडधड, उलटीची भावना, झोप उडणं सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आयुष्यात कधी न आलेल्या माणसालाही. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, कुणीतरी मारायला आलंय असं वाटतं, घरची माणसं ओळखू येत नाहीत, ताप चढतो. ही अवस्था जीव घेऊ शकते. घरच्यांना वाटतं काहीतरी बाहेरचं झालं. मग देवऋषी, अंगारा, धूप यांत एक अख्खा दिवस जातो, आणि तोच दिवस मोलाचा असतो.

आपल्याकडची आणखी एक सवय इथे घातक ठरते. थरथर सुरू झाली की माणसाला गल्लीतल्या दवाखान्यात नेऊन सलाईन लावायचं. जास्त पिणाऱ्यांच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्व फार कमी उरलेलं असतं. ते न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून कुठल्याही डॉक्टरकडे नेलंत तरी पहिलं वाक्य हेच बोला: "हा रोज पितो, इतकी पितो आणि अमुक वेळेपासून बंद आहे." लाज वाटून ही माहिती लपवू नका.

योग्य उपचार अवघड नाहीत. मानसोपचार विभागात साधारण आठवडाभर कमी-कमी करत जाणाऱ्या गोळ्या देतात, बी-१ देतात, साखर, यकृत आणि क्षार तपासतात. पूर्वी फिट आली असेल, भ्रम झाला असेल किंवा काविळीसारखा त्रास असेल तर दाखल करतात. आपल्या सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वसाधारण रुग्णालयात, मानसोपचाराची ओपीडी आहे. जाताना त्याच्या घरचं एक माणूस सोबत असू द्या, कारण गोळ्या घरच्यांच्या हातात राहायला हव्यात. आणि एक कळकळीची विनंती. 'दारू सोडवणारी पावडर' त्याच्या नकळत जेवणात कालवू नका. अशा पुड्यांत डायसल्फिराम असू शकतं. ते पोटात असताना माणूस प्यायला तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो, हृदयावर ताण येतो. हे औषध चांगलं आहे, पण माणसाला सांगून, त्याची संमती घेऊन आणि तपासण्या करूनच द्यायचं असतं.

उरलेले तुम्ही सातजण 'कधीमधी घेणारे' आहात असं तुम्ही गृहीत धरलं आहे. तेही एकदा पडताळून पाहा. प्रत्येकाने स्वतःला चार प्रश्न विचारावेत. आपली दारू कमी करायला हवी असं कधी वाटलं का? कुणी त्यावरून बोललं की राग येतो का? पिण्याबद्दल मनाला खात राहतं का? सकाळी उठल्याउठल्या, हात स्थिर करायला किंवा उतारा म्हणून घ्यावी लागली का? दोन उत्तरं 'हो' आली तर महिना सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेटा. चौथं एकटं 'हो' असेल तरीही. जे मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेतात त्यांनीही आपल्या डॉक्टरांना कळवावं, कारण दारू बंद झाली की साखरेचं गणित बदलतं आणि डोस बदलावा लागू शकतो.

आता तुमच्या मूळ कल्पनेकडे येतो. ती मला मनापासून आवडली. ऑस्ट्रेलियात २००८ साली काही मित्रांनी जुलै महिना दारूशिवाय काढून कॅन्सर रुग्णांसाठी पैसे जमवले, त्यातून 'ड्राय जुलै' उभी राहिली. ब्रिटनमध्ये २०१३ पासून 'ड्राय जानेवारी' सुरू झाली. तिथलीच मॅकमिलन ही कॅन्सर रुग्णांसाठी काम करणारी संस्था ऑक्टोबर महिना यासाठी राबवते. सगळ्यांची रीत एकच: मी महिनाभर पिणार नाही, तुम्ही माझ्या नावाने संस्थेला पैसे द्या.

ही रीत सोलापुरात जशीच्या तशी चालणार नाही असं माझं मत आहे. ब्रिटनमध्ये बहुतेक प्रौढ माणसं पितात, त्यामुळे महिनाभर न पिणाऱ्याचं त्यांना कौतुक वाटतं. आपल्या देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ वर्षांवरच्या पुरुषांत सुमारे १९ टक्केच पितात, आणि बायकांत एखाद-दुसरा टक्का. तुम्ही मावशीकडे दिवसाला दहा रुपये मागायला गेलात तर ती विचारेल, "अरे, पण तू मुळात पितोसच कशाला?" तिचं बरोबरच आहे. शिवाय आपल्याकडे श्रावण पाळणारी, माळ घातल्यावर आयुष्यभर शिवतही नाहीत अशी माणसं घरोघरी आहेत. त्यांच्यासमोर एक महिना सोडण्याची बक्षिसी मागणं शोभत नाही.

म्हणून उलट करा. देणगी दुसऱ्यांकडून मागण्याऐवजी आपलाच बारचा खर्च द्या. आठवड्यातून दोनदा बसता, प्रत्येक वेळी दारू, चखणा, जेवण मिळून माणशी ७०० रुपये जातात असं धरलं तरी चार आठवड्यांत ५,६०० रुपये होतात. सातजणांचे ३९,२०० रुपये. तुमचा खरा आकडा तुम्हीच काढा, फोनमधल्या यूपीआयच्या नोंदी चाळल्या की तो अर्ध्या तासात हाती येतो. तो आकडा डोळ्यांसमोर येणं हीच बऱ्याचजणांसाठी महिन्यातली सर्वात मोठी घटना ठरते. त्यावर कुणाच्या मालकाला, भावाला, बायकोला आपणहून भर घालावीशी वाटली तर आनंदच.

मात्र एक अट मी फार आग्रहाने सांगतो. ज्याच्या घरी किराण्याची उधारी थकली आहे, मुलांची फी राहिली आहे, त्याच्या वाचलेल्या पैशावर पहिला हक्क त्याच्या घराचा आहे. तुमच्यातला कुणी कारखान्यात रोजंदारीवर असेल तर त्याने तो पैसा बायकोच्या हातात द्यावा आणि तुम्ही तोही उपक्रमाचाच भाग माना. विडीकाम करून संसार ओढणाऱ्या कितीतरी बायका मला या शहरात भेटल्या आहेत, ज्यांच्या मजुरीतून नवऱ्याची दारू भागते. अशा घरातून महिनाभर वाचलेले पैसे बाहेर दान म्हणून गेले तर तो अन्यायच आहे.

पैसे स्वतःकडे गोळा करू नका. सार्वजनिक कामासाठी लोकांकडून पैसे जमवायचे तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ क लागू होतं. गणेश मंडळं दरवर्षी धर्मादाय कार्यालयातून परवानगी काढतात ती याच कलमाखाली. सातजणांनी आपापली रक्कम नोंदणीकृत संस्थेच्या खात्यावर थेट भरली आणि आपल्या नावाची पावती घेतली, तर परवानगीचा प्रश्नही येत नाही आणि हिशेबावरून मैत्रीत वितुष्टही येत नाही. ८०जी म्हणून ओळखली जाणारी करसवलत हवी असेल तर २,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोख देऊ नका, आणि ही सवलत जुन्या करपद्धतीतच मिळते हेही लक्षात असू द्या.

पैसे कशासाठी द्यायचे हे संस्थेशी बोलून ठरवा. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार बसतात, त्यामुळे ऑपरेशन, किमो, रेडिएशन यांचा मोठा भाग बऱ्याच रुग्णांचा निघतो. अडतं ते बाकीच्यात. तोंडाच्या कॅन्सरचं रेडिएशन आठवड्यातले ५ दिवस, सहा-सात आठवडे चालतं. अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याकडच्या खेड्यातल्या माणसाने बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयात रोज ये-जा करणं होत नाही. रुग्णासोबत घरातलं कुणीतरी राहतं, त्याची मजुरी बुडते. खोलीचं भाडं, दोन वेळचं जेवण, एसटीचं तिकीट, घास गिळता येत नाही तेव्हा लागणारा पातळ पौष्टिक आहार, हे कुठल्याच योजनेत नीट बसत नाही. यामुळेच माणसं अर्ध्यावर उपचार सोडून गावी परततात, आणि अर्धवट रेडिएशनने आजार पुन्हा उसळतो. तुमच्या चाळीस हजारांत कुणाचं ऑपरेशन होणार नाही. पण काही रुग्णांचा सहा आठवड्यांचा मुक्काम आणि जेवण निघू शकतं, आणि त्यांचे उपचार पूर्ण होऊ शकतात. रुग्णालयाच्या कार्यालयात जाऊन विचारा, नेमकी निकड कशाची आहे ते तेच सांगतील.

थोडा भाग व्यसनमुक्तीसाठी ठेवलात तर मला अधिकच आनंद होईल. पुण्याचं मुक्तांगण १९८६ साली उभं राहिलं ते अनिल आणि अनिता अवचट यांच्या कष्टांतून आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून. अशी देणगी किती दूरवर जाते याचं हे आपल्या मराठी मुलखातलंच उदाहरण आहे.

पाच हजारांच्या दंडाला माझा ठाम विरोध आहे. दंड ठेवला की माणूस प्यायचा थांबतोच असं नाही. तो प्यायलेलं लपवायला मात्र नक्की शिकतो. विजापूर रोडला पाहुण्यांकडे गेलो होतो म्हणतो, तोंडात बडीशेप टाकून येतो, आणि पुढे त्याला खरंच मदत लागते तेव्हा ती मागायला त्याच्याकडे तोंड उरत नाही. शिवाय ज्याला शरीराचा त्रास होतोय तोही दंडाच्या भीतीने अंगावर काढतो. म्हणून देणगी आणि दिवसांचा हिशेब यांची गाठ मारू नका. रक्कम १ तारखेलाच ठरवा आणि शक्य असेल तर त्याच दिवशी भरून मोकळे व्हा. मग २० तारखेला एखाद्याने घेतली तरी रुग्णाचं काही जात नाही, आणि तो तुमच्यासमोर येऊन सांगू शकतो. ब्रिटनमधल्या ड्राय जानेवारीत भाग घेतलेल्यांचा पाठपुरावा ससेक्स विद्यापीठाने केला, तेव्हा ज्यांचा महिना पूर्ण झाला नव्हता त्यांचंही पिणं सहा महिन्यांनंतर काहीसं कमी झालेलं आढळलं. घसरलं म्हणून सगळं वाया गेलं असं धरू नका, दुसऱ्या दिवसापासून पुन्हा चालू ठेवा.

नियम एकच, पण तो स्वच्छ हवा: दारू म्हणजे सगळी दारू. "बिअर चालते", "शिंदी तर झाडाची आहे" असल्या सवलती ठेवू नका. ६५० मिलीच्या एका स्ट्राँग बिअरच्या बाटलीत ८ टक्के अल्कोहोल धरलं तर ते सुमारे ४१ ग्रॅम होतं, म्हणजे व्हिस्कीचे ३० मिलीचे चार पेग. हे सांगितलं की ओपीडीत भलेभले गप्प होतात.

फायद्याबद्दल विचारलंत. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. मध्यम ते जास्त पिणाऱ्या, पण दारूच्या आहारी न गेलेल्या नव्वदहून अधिक माणसांनी एक महिना दारू बंद ठेवली. त्यांचा रक्तदाब आणि वजन कमी झालं, इन्सुलिनला शरीर अधिक चांगला प्रतिसाद देऊ लागलं, आणि कॅन्सरच्या वाढीशी संबंध असलेले रक्तातले दोन घटकही घटले. यकृतावर चढलेली चरबीही दारू थांबली की उतरायला लागते. पण पुन्हा पूर्वीइतकी सुरू झाली की हा लाभ टिकत नाही.

तुम्ही कॅन्सर रुग्णांसाठी हे करताय, म्हणून एवढं माहीत असू द्या: जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९८८ मध्येच दारूला कॅन्सर घडवणारा पदार्थ ठरवलं आहे. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं, बायकांत स्तन. दारूसोबत तंबाखू असेल तर तोंडाचा आणि घशाचा धोका नुसती बेरीज होऊन थांबत नाही, तो कितीतरी पटींनी वाढतो. आणि सोलापुरात हा जोड फार घट्ट आहे. दारू बंद केली की हात आपोआप मावा-गुटख्याच्या पुडीकडे जातो. महिनाभर दारू बंद ठेवून मावा दुप्पट झाला तर तुम्ही ज्या वॉर्डाला मदत करताय त्याच वॉर्डाची वाट धरताय. तंबाखू याच महिन्यात सुटली नाही तरी निदान वाढू देऊ नका, आणि तोंड पूर्ण उघडत नसेल किंवा आत पांढरा चट्टा, न भरणारी जखम असेल तर दाखवून घ्या.

पहिला आठवडा चिडचिडीचा जातो. झोप लवकर लागत नाही, गोड खावंसं वाटतं. दहाव्या-बाराव्या दिवसानंतर झोप सुधारते, सकाळचं डोकं हलकं वाटतं. तल्लफ येते ती ठरलेल्या वेळी, कारखाना सुटल्यावर आठच्या सुमारास, आणि पंधरा-वीस मिनिटांत ओसरते. त्या वेळेला रिकामं पोट नको. सहा वाजता भाकरी, शेंगाचटणी, दही असं काहीतरी खाऊन घ्या, तल्लफ निम्म्यावर येते. सोलापूरच्या उकाड्यात 'थंडगार बिअर' डोक्यात येते ती बऱ्याचदा साधी तहानच असते. ताक, लिंबूपाणी, सोडा जवळ असू द्या. ढाब्यावर 'नुसतं जेवायला' पहिले दोन आठवडे जाऊ नका. पण भेटणं बंद करू नका. संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाकडून फेरी मारा, कुणाच्या तरी गच्चीवर मटणाचा बेत करा, बायका-मुलांना बोलवा. मैत्री दारूवरच टिकून आहे की काय ही भीती मनात असते, ती अशी एक संध्याकाळ रंगली की जाते.

महिना कोणता घ्यावा? श्रावणात सुरू करणं सोपं, कारण घर आणि बाजार दोन्ही साथ देतात. पण गटारीला दोन महिन्यांची एका रात्रीत ढोसायची आणि श्रावण संपताच पुन्हा तेच, हा आपला नेहमीचा फेरा आहे. शिवाय तुमच्यातले काहीजण श्रावण पाळतच असतील. मी जानेवारी सुचवेन. गड्डा यात्रेच्या दिवसांत पोरांना घेऊन होम मैदानावर गेलात की आठ ते दहा ही अवघड वेळ आपसूक निघून जाते. फक्त ३१ डिसेंबरला 'उद्यापासून बंद' म्हणून जास्त पिऊ नका.

३१ जानेवारीनंतरचंही आताच ठरवा. महिनाभरात शरीराची सवय उतरलेली असते. पूर्वी तीन पेगांवर जे होत नव्हतं ते आता दीड-दोनवर होईल, आणि डोकं मात्र जुनाच हिशेब धरून बसलेलं असेल. त्या संध्याकाळी कुणीही मोटारसायकल किंवा गाडी घेऊन जाऊ नये. आठवड्यातले किती दिवस बंद ठेवायचे आणि बसल्यावर किती घ्यायची, हे महिन्याच्या शेवटच्या रविवारी, शुद्धीत असताना लिहून ठेवा. ज्याला पुन्हा सुरू करावीशीच वाटत नाही त्याला आग्रह करू नका.

तुमच्यापैकी एखाद्याला महिना झेपला नाही, किंवा संपला तरी रोज संध्याकाळी फक्त दारूचाच विचार येत होता, तर त्याने १४४४६ या केंद्र सरकारच्या मोफत व्यसनमुक्ती क्रमांकावर बोलावं किंवा ओपीडीत यावं. आणि तुमच्या आठव्या मित्राला जानेवारीची वाट पाहायला लावू नका. त्याला या आठवड्यातच घेऊन या. येईपर्यंत त्याची दारू तुम्ही होऊन एकदम तोडू नका, त्याला रिकाम्या पोटी राहू देऊ नका, एकटं सोडू नका. आणि मधल्या काळात फिट आली किंवा तो असंबद्ध बोलायला लागला तर ओपीडीच्या वेळेची वाट न बघता १०८ ला फोन करा.